आयएपीचं आजीव सदस्यत्व: मराठवाड्यातल्या मेडिकल कॉलेजात शिकवताना आलेला अनुभव

आमच्या बालरोग विभागातून एमडी होऊन बाहेर पडणारा प्रत्येक जण निघता निघता एक प्रश्न हमखास विचारतो. "मॅडम, आयएपीचं लाइफ मेंबर व्हावं का?" आयएपी म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, बालरोगतज्ज्ञांची संघटना. सूर असा, की जणू एलआयसीची पॉलिसी घ्यावी का नाही. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धंमुर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी स्वतः मेंबर झाले तेही उशिराच. एमडीनंतरचा सरकारी सेवेचा बॉण्ड संपला, असिस्टंट प्रोफेसरची ऑर्डर हातात पडली, मग फॉर्म भरला. त्याला आता दीडेक वर्ष होईल.

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच जाऊ शकतात. तुम्ही शिकवत असाल, म्हणजे रेसिडेंट, इंटर्न, लेबर रूमच्या सिस्टर्स यांच्यापैकी कुणालाही, तर मेंबर व्हा. नुसतं लेटरहेडवर नावाखाली एक ओळ वाढवायची असेल तर त्या पैशात एक चांगला पल्स ऑक्सिमीटर घ्या.

आता थोडी ओळख, कारण आमच्या इंटर्न मंडळींना आयएपी म्हणजे लसीकरणाचा तक्ता काढणारे लोक एवढंच माहीत असतं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स 1963 साली स्थापन झाली. त्याआधी कोलकात्याकडची आणि मुंबईकडची अशा बालरोगतज्ज्ञांच्या दोन वेगवेगळ्या संघटना होत्या, त्या एकत्र येऊन ही झाली. मुख्य कार्यालय नवी मुंबईत. खाली राज्य शाखा, त्याखाली जिल्हा आणि शहर शाखा, शिवाय नवजात शिशू, संसर्गजन्य आजार, श्वसनविकार अशा विषयवार शाखा, ज्यांना चॅप्टर म्हणतात. गल्लीत दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि मेडिकल कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक हे सगळे एकाच छत्राखाली.

अमेरिकेत असं नाही. तिथे बालरोगाच्या सगळ्या डॉक्टरांची एक मोठी संघटना आहेच, पण शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्यांसाठी अकॅडमिक पेडियाट्रिक असोसिएशन ही वेगळी संस्था आहे. 1960 पासूनची. तिचं स्वतःचं नियतकालिक आहे आणि शिक्षक म्हणून घडण्यासाठी तीन वर्षांचा एक अभ्यासक्रमही ती चालवते. मला हे कळलं तेव्हा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आयएपीकडून माझ्या अपेक्षा ज्या होत्या त्या तशाच होत्या, की मला शिकवायला मदत होईल. त्यातल्या काही पुऱ्या झाल्या, काही नाही. आणि जे मिळालं ते मी समजत होते त्या कप्प्यात नव्हतंच.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला? नवजात बाळाच्या रिससिटेशनच्या, म्हणजे बंद असलेला श्वास सुरू करून देण्याच्या कोर्सचा. आयएपी आणि नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम मिळून हा कोर्स चालवतात, नावातच 'फर्स्ट गोल्डन मिनिट' आहे. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, श्वास घेत नाही, त्याला पहिल्या मिनिटाच्या आत मास्कने श्वास सुरू व्हायला हवा, हा त्याचा गाभा. सरकारचा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम 2009 पासून आहे, त्यातही हेच शिकवतात. त्यामुळे आमच्या लेबर रूममधल्या अनुभवी सिस्टर्सना मी कोर्सला बसायला सांगितलं तेव्हा एकीनं तोंडावरच सुनावलं, "मॅडम, इतकी वर्षं झाली, हेच तर करायलाव आम्ही."

सरावाचं बाहुलं टेबलावर ठेवलं. त्याच सिस्टरनी ॲम्ब्यू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, उचलली, मास्क लावला, दाबली. हवा फुस्सकन बाजूनं गेली. छाती जागची हलली नाही. पुन्हा दाबली, जरा जोरात. पुन्हा फुस्स. आता आमच्याकडची सवय अशी, की छाती हलली नाही की बॅग आणखी जोरात दाबायची, आणि तेवढ्यात कुणीतरी "ऑक्सिजन वाढवा" म्हणून ओरडायचं. ट्रेनर शांतपणे म्हणाले, "थांबा. जोर लावू नका. आधी मास्क बघा." मास्क खाली सरकून हनुवटीच्या बाहेर लोंबत होता. तो नीट बसवला, अंगठा आणि तर्जनीनं वरून इंग्रजी सीसारखी पकड, उरलेली बोटं जबड्याच्या हाडाखाली. तरी नाही. मग खांद्याखाली कापडाची घडी, मान अगदी थोडी मागे, इतकीच की बाळ काही हुंगतंय असं वाटावं. तेवढ्यावर छाती उचलली. मग लय: दाबा-दोन-तीन, दाबा-दोन-तीन, मिनिटाला चाळीस ते साठ. मास्क, मानेची ठेवण, तोंड-नाक साफ करणं, तोंड उघडणं, आणि एवढं करून नाही झालं तर मग दाब वाढवणं. हा क्रम पाठ होणं आणि तो हातात बसणं यात फार फरक असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनं करायची, ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत धावायचं नाही, हे तर आमच्या निम्म्या स्टाफला पटायलाच दुपार झाली.

संध्याकाळी त्याच सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ते बाहुलं आमच्याकडंच ठेवा ना. नाईटला रिकामं असलं की करून बघताव." बाहुलं उसनं आणलेलं होतं, परत द्यावं लागलं. आमच्या स्वतःच्या बाहुल्याची खरेदीची फाइल तेव्हापासून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आहे. आता ती लेखा विभागात आहे असं ऐकते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कोर्स म्हणजे एकदा इंजेक्शन दिलं आणि झालं असं नाही. सराव सुटला की काही महिन्यांत पकड सैल होते. बालकांच्या बेसिक आणि ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टचे कोर्सही आयएपी घेते, तेही केलेत, चांगले आहेत, पण त्यातला ॲडव्हान्स्ड भाग आयसीयू असलेल्यांना जास्त कामाचा. लेबर रूमच्या कोर्सची मजा त्याला नाही.

दुसरी कामाची वस्तू म्हणजे नियतकालिक. 'इंडियन पेडियाट्रिक्स' 1964 पासून निघतं, आयएपीचं अधिकृत मासिक. आमचे रेसिडेंट त्याची गल्लत 'इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स'शी करतात. ते वेगळं आणि त्याहून जुनं, 1933 सालचं. संदर्भ देताना दोन्हींची सरमिसळ झाली की थीसिसच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरचे परीक्षक नेमकं तिथंच पकडतात. आम्ही जर्नल क्लब, म्हणजे एखादा शोधनिबंध वाचून त्यावर चर्चा, पूर्वीपासून घ्यायचो, पण परदेशी पेपर काढायचो. मोठ्ठं नाव, मोठ्ठी संख्या, आणि शेवटी चर्चा काय, तर "आपल्याकडे हे शक्य नाही." हल्ली महिन्यातला एक तरी पेपर मुद्दाम इथला काढते. विषमज्वर, डेंग्यू, तीव्र कुपोषण, कमी वजनाचं बाळ. मग चर्चा "शक्य नाही" वर न अडता "त्यांनी हे कसं जमवलं" इथवर जाते. हे सगळं मेंबर नसतानाही वाचता येतं, जुने अंक मोफत उघडतात. म्हणजे या एका कारणासाठी पैसे भरू नका.

तसंच स्टँडर्ड ट्रीटमेंट गाइडलाइन्सचं. 2022 साली आयएपीनं शंभराहून अधिक विषयांवर छोट्या छोट्या मार्गदर्शिका काढल्या. कुणालाही मोफत. रात्रीच्या ड्युटीला असलेल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या मोबाइलमध्ये त्या असाव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण पानं थोडी आणि भाषा सरळ. पण वाचताना जाणवतं, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बऱ्याचदा शहरातलं सुसज्ज रुग्णालय आहे. अमुक तपासणी करा, तमुक पातळी मोजा. आमच्याकडे ती तपासणी बाहेरून करायची तर नातेवाइकांचे पैसे आणि वरून वेळ. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. मार्गदर्शिकेच्या छापील प्रतीवर रेसिडेंटनंच पेन्सिलनं लिहायचं, की यातलं आपल्या वॉर्डात आत्ता काय होतं, काय नाही, आणि जे होत नाही त्याऐवजी कशाकडे बघायचं. शिकवण्याचं खरं काम त्या पेन्सिलच्या खुणांमध्ये होतं. बरगड्या आत ओढणं, श्वासांची गती, नखांवरचा रंग परत यायला लागणारा वेळ हे मोजायला यंत्र लागत नाही.

आता लसीकरण. इथे मात्र डोकं तापतं. आयएपीची लसीकरण सल्लागार समिती वेळोवेळी वेळापत्रक काढते आणि सरकारी राष्ट्रीय वेळापत्रक वेगळं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एक दवाखान्यात समोर बसलेल्या एका लेकराचा विचार करतं, दुसरं देशातल्या सगळ्या लेकरांचा. सरकारीत गोवर-रुबेलाचे दोन डोस, आयएपीकडे एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला) तीन. टायफॉइड कॉन्जुगेट, कावीळ ए, कांजिण्या, फ्लू या लसी आयएपीच्या तक्त्यात, नेहमीच्या सरकारी सत्रात नाहीत. विद्यार्थी विचारतात, परीक्षेत कुठलं लिहू? मी सांगते, दोन्ही लिही, आणि फरक का आहे तेही लिही. नुसता तक्ता पाठ करणाऱ्याला मी कमी गुण देते.

पण बीड, धाराशिव, जालन्याच्या पट्ट्यात खरा प्रश्न वेगळाच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन घरंच्या घरं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती गाळप संपल्यावर परत येतात. दिवाळीआधी जन्मलेलं लेकरू मार्चमध्ये ओपीडीला येतं तेव्हा पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं आणि कार्डावर जन्माच्या वेळच्या लसींपुढे सगळं कोरं. आता जुलाबावरच्या रोटाव्हायरस लसीचंच बघा. आयएपीच्या सल्ल्याप्रमाणे पहिला डोस पंधरा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा, त्यानंतर सुरू करू नये. राष्ट्रीय कार्यक्रमात पहिला डोस वर्षाच्या आत कधीही सुरू करता येतो. म्हणजे त्याच लेकराला बाजारातल्या दवाखान्यात "उशीर झाला" ऐकायला मिळणार आणि आमच्या लसीकरण कक्षात डोस मिळणार. आजीला हे समजावून सांगायचं म्हणजे कसरत. "एक डॉक्टर नको म्हणतंय, एक दे म्हणतंय, आम्ही कुणाचं ऐकावं?" आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे. सरकारी ओपीडीत सरकारी नियम, एवढं मी सांगते. पण स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या राहून गेलेल्या लसींसाठी एक पानाची, साध्या मराठीतली, दोन्ही वेळापत्रकांना जोडणारी मार्गदर्शिका असायला हवी असं मला फार वाटतं. मेंबर म्हणून ती मागायचा हक्क आता आपल्याला आहे, आणि मी ती मागणारही आहे.

वाढीचे तक्ते थोडक्यात आटोपते. पाच ते अठरा वर्षांसाठी आयएपीचे 2015 चे तक्ते आहेत, पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचं त्यात मोठं काम. पाच वर्षांखाली डब्ल्यूएचओचे 2006 चे. ओपीडीत भिंतीवर लावून टाका, वाद मिटतो.

परिषदांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि माझ्याकडे सांगायला सगळ्यात कमी आहे. राष्ट्रीय परिषद पेडिकॉन, राज्याची महापेडिकॉन. नोंदणी शुल्क, प्रवास, हॉटेल यांचा हिशोब सरकारी पगारातून करून बघा आणि मग ठरवा. मुंबईला जायचं तर परभणीहून देवगिरीनं रात्रीचा प्रवास, हैदराबादला भरली तर आपल्याला उलट सोयीची. पैशांपेक्षा रजा अवघड. विभागात लेक्चर घेणारी माणसं मोजकी, त्यातलं एक गेलं की वॉर्ड कोण बघणार? माझा परवानगीचा अर्ज परिषद उरकल्यावर मंजूर होऊन आला. ती ऑर्डर जपून ठेवली आहे. पेडिकॉनपेक्षा मला जिल्हा पातळीवरच्या छोट्या बैठका जास्त आवडल्या, जिथे वीस-पंचवीस डॉक्टर असतात आणि कुणीतरी आपली फसलेली केस मांडतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण करायला पाच वर्षांत शिकत राहिल्याबद्दलचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात, ते अशा बैठकांतून आपसूक जमतात.

बैठकांची एक बाजू मला खुपते ती अशी. एका औषध कंपनीच्या खर्चानं हॉटेलात झालेल्या सत्राला गेले होते. विषय चांगला, वक्ता अभ्यासू, पण प्रत्येक तिसऱ्या स्लाइडवर एकाच ब्रँडचं नाव. जेवण मात्र उत्तम होतं, पनीरच्या दोन भाज्या. बाळांच्या दुधाच्या पावडरीबाबत निदान कायदा पक्का आहे. 1992 चा कायदा आणि 2003 ची दुरुस्ती, त्यानुसार अशा कंपन्यांना डॉक्टरांच्या कार्यक्रमांना पैसे देता येत नाहीत. तेवढी स्पष्टता बाकी औषधांच्या बाबतीतही यावी. मी रेसिडेंटना घेऊन जाते तेव्हा परतीच्या वाटेवर एकच गृहपाठ देते: वक्त्यानं सांगितलेल्यातलं काय ब्रँडशिवायही खरं राहतं?

आणि आता संशोधन. एनएमसीच्या, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनच्या नियमांनुसार असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर दोन शोधनिबंध लागतात, तेही मान्यताप्राप्त सूचीतल्या नियतकालिकांत. त्यामुळे प्रत्येक शिक्षकाच्या ईमेलमध्ये रोज सकाळी "आदरणीय प्रोफेसर, आठवड्यात छापून देतो" अशी पत्रं येऊन पडतात. घाईला आलेला माणूस फसतो. याच्या उलट बाजूला आमचा वॉर्ड बघा. पावसाळ्यात विंचू चावलेली लेकरं येतात. घामानं निथळणारी, हातपाय गार, उलट्या, आणि काहींच्या फुप्फुसात पाणी. या रुग्णांना प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देण्याचा उपचार ज्यांनी जगापुढे मांडला ते डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाडसारख्या ठिकाणी काम करताना त्यांनी केलेली निरीक्षणं 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. 2022 ला पद्मश्री मिळाली. ना मोठं विद्यापीठ, ना मोठी प्रयोगशाळा. आमच्या कॉलेजात हे नाव घेतलं की मुलं ताठ बसतात.

आमच्या एका रेसिडेंटचा थीसिस याच विषयावर ठरला. त्यानं केस रेकॉर्ड फॉर्म, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती नोंदवायचा तक्ता, केला, चार पानांचा, भरगच्च. आयएपीच्या ओळखीतून दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ सरांना तो दाखवला. सरांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, "चावला कधी आणि प्राझोसिनचा पहिला डोस पडला कधी, हा रकाना कुठंय?" नव्हता. हिमोग्लोबिनपासून आईच्या शिक्षणापर्यंत सगळं होतं, ते सोडून. मग पुढचा प्रश्न, "आणि डोस कुठं पडला? तुमच्याकडं, का आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात?" दोन रकाने वाढले आणि थीसिसचा प्रश्नच बदलला. आता थीसिस म्हणजे लेकराला आमच्यापर्यंत पोचायला लागलेल्या वेळेचा आणि वाटेत काय मिळालं याचा अभ्यास आहे. हे सर मला कुठल्या वेबिनारमध्ये भेटले नसते. सदस्यत्वाचं मोल माझ्यापुरतं विचाराल तर इथं आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी कॉलेजं, त्यांच्याकडे अनुभवी माणसं आहेत. धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना ही नवी, त्यांच्याकडे रुग्ण आहेत आणि शिक्षक कमी. या दोन टोकांना बांधणारी दुसरी कुठली व्यवस्था मला तरी दिसत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचं सांगायचं राहिलं. शाखेचा ग्रुप असतोच. सुप्रभात, वाढदिवस, मधूनच एखादी अवघड केस. अवघड केसला मध्यरात्रीही उत्तरं येतात, हे कौतुकानं सांगते. पण एकदा एकानं लेकराचा चेहरा आणि कागदावरचं नाव दिसेल असा फोटो टाकला, वर आईसुद्धा फोटोत. दोघातिघांनी टोकल्यावर काढला. केस टाकायची तर नाव, चेहरा झाकून आणि आईबापांना विचारून, हा नियम मी आमच्या रेसिडेंटना पहिल्या आठवड्यातच घोकून घेते.

एमबीबीएसच्या पोरांसाठी आयएपीची प्रश्नमंजूषा दरवर्षी असते, कॉलेजपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत. आमची पोरं फार पुढे गेली नाहीत. पण एरवी लेक्चरला मागच्या बाकावर पेंगणारा एक किनवटकडचा मुलगा त्या तयारीसाठी दोन महिने वॉर्डात पडीक होता.

खर्चाचं बोलायचं तर आजीव सदस्यत्वाची रक्कम एकदाच भरायची, दरवर्षीची कटकट नाही. चॅप्टरची वर्गणी मात्र वेगळी, त्यामुळे उत्साहाच्या भरात पाच-सहा चॅप्टर घेऊ नका. मी एक घेतला, नवजात शिशूंचा, आणि पुरेसा आहे. अर्जाला पदवी आणि कौन्सिलच्या नोंदणीच्या प्रती लागतात, त्या स्कॅन करून तयार ठेवा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर दोन्हीकडे एकच नाव आहे ना ते आधी तपासा. मैत्रिणीचा अर्ज तेवढ्यासाठी रखडला होता. आणि जवळच्या शाखेच्या सचिवांना एक फोन करा. पुढचा रिससिटेशनचा कोर्स कधी आहे एवढंच विचारा, आणि सिस्टर्सची नावं सोबतच देऊन टाका, कारण जागा लवकर भरतात.